घाणीच्या दारातला मेढा

जात्याचा आवाज लपत नाही. चूल लपवता येते, ताटात काय वाढलं तेही दार लोटून घेतलं की लपतं. पण पहाटे जातं फिरलं की भिंतीला भिंत लागून असलेल्या साऱ्या घरांना कळतं, अमकीच्या घरी आज दळण आहे. रुख्मिणी लग्न होऊन त्या गल्लीत आली तेव्हापासून हे तिला ठाऊक होतं, पण अंगाला लागलं ते त्या वर्षीच्या श्रावणात. गल्लीतली बाकीची जाती एकेक करून मुकी झाली होती आणि तिचं एकटीचं बोलत होतं.

गल्ली नागपुरात, इतवारीच्या मागच्या अंगाला. तिला घाणीची गल्ली म्हणत. दुकानदार बापूजीच्या वडिलांच्या काळी तिथे तेलाची घाणी फिरायची. पुढे घाणीचा बैल मेला, यंत्राचं तेल स्वस्त झालं, आणि बापूजीने गल्लीच्या तोंडावर, घराच्या पुढच्या खोलीत, धान्याचं दुकान घातलं. घाणीची खोली घराच्या पाठीमागे, बोळात, तशीच राहून गेली; तिचं दार घराच्या मागच्या दाराला लागून, उंबरा दोन्हींना एकच. तिच्या दारावर पोत्याचा पडदा आणि पडद्यावर कोळ्यांची जाळी. आत मोडकी घाणी आणि उंदीर आहेत, असंच सगळे धरून चालत.

सन बेचाळीसचं ते वर्ष. लढाई ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपली होती. तिकडचा तांदूळ बंद झाला आणि इकडची जवारी कुठे जाते ते कोणी सांगेना. त्यात ऑगस्टात इंग्रजांना घालवायची हाक उठली, शहरात गोळ्या चालल्या, गिरण्यांचे भोंगे थांबले. रुख्मिणीचा नवरा कवडू गिरणीत साच्यावर होता. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालत होता म्हणून पोलिसांनी उचलला आणि बर्डीच्या पलीकडे जेलात नेऊन घातला. घरात राहिल्या तिघी: रुख्मिणी, डोळ्यांनी अधू झालेली तिची सासू सुभद्राबाई आणि पाच वर्षांची प्रेमिला.

आणि अशा घरात जातं फिरत होतं.

बापूजी काही वाईट माणूस नव्हता. गल्लीत कोणाची मयत झाली तर पहिली लाकडं त्याच्याकडून यायची, कोणाच्या मुलीचं लग्न असलं तर गुळाची भेली. पण त्या वर्षी त्याला भावाचं वेड लागलं. आज थांबलं तर उद्या जास्त येतात, उद्या थांबलं तर परवा आणखी. असं थांबता थांबता त्याने विकणंच सोडून दिलं. दुकानात मीठ, गूळ, मिरच्या, थोडी तूरडाळ. जवारीचं नाव काढलं की तो दोन्ही हात पसरायचा.

"नाही ना बाई. गाड्याच येऊन नाही राहिल्या. सगळ्या लढाईवर लागल्या."

जवारी होती. घाणीच्या खोलीत थप्प्या लागल्या होत्या, पार आढ्यापर्यंत. पावसाळी हवेने तिला सोंडे लागायला लागले तेव्हा बापूजीला निवडायला, पाखडायला भरवशाचं माणूस हवं झालं. कवडूला नेल्याला आठवडाही झाला नव्हता. त्याने रुख्मिणीला मागच्या दाराने बोलावून घेतलं. दिवसभर पाखडायचं आणि संध्याकाळी सूपभर जवारी पदरात घेऊन जायची. पण आधी त्याने प्रेमिलाला पुढ्यात बोलावलं.

"लेकीच्या डोक्यावर हात ठेव. म्हण, माझ्या तोंडून शब्द निघणार नाही."

रुख्मिणीने हात ठेवला. म्हटलं. त्या घडीला तिला पोरीच्या डोक्याखाली पोरीचं पोटच दिसत होतं. दुसरं काही सुचलं नाही.

जात्याच्या एका बाजूला रुख्मिणी आणि समोर शेजारची शामला, असं त्यांचं नव्या नवरी होत्या तेव्हापासूनचं. एकीचं दळण संपलं की दुसरीचं. खुंट्यावर चार हात असले की जातं हलकं जातं आणि गोष्टीही होतात. पण शामलाच्या घरी दळायला काही राहिलं नाही आणि ती यायची थांबली. एक दिवस विहिरीवर तिने दोर ओढता ओढता विचारलं,

"तुह्या घरी रोज काय दळून राहिली वं?"

"गावाहून आली थोडी. यांच्या भावानं आणून देल्ली."

शामला दोर ओढायची थांबली. "कवडूभाऊले भाऊ कधी झाला?"

कवडू सुभद्राबाईला एकुलता एक. हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

"चुलत," रुख्मिणी म्हणाली.

"हं. चुलत." शामलाने घागर कमरेवर घेतली. "चांगला हाये बापा चुलत. आम्हाले सख्खे हायेत, ते मीठ नाही पुसत."

त्या दिवसापासून रुख्मिणीने दळणं बंद केलं. जवारी रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी घुगऱ्या शिजवायच्या. घुगऱ्यांना आवाज नसतो. सुभद्राबाईच्या तोंडात मोजके दात; ती घास इकडून तिकडे फिरवत बसायची.

"भाकर काहून नाही करत वं तू?"

"जात्याचा खुंटा हालते, माय."

"मले दिसत नाही, पण ऐकू येते," सुभद्राबाई म्हणाली. घुगऱ्या चघळत राहिली.

गल्लीतल्या बायका एकदा मिळून दुकानावर गेल्या होत्या. पण चारपेक्षा जास्त माणसं एका जागी दिसली की हाकलायचा हुकूम होता. नाक्यावरचा हवालदार रुपराव धावत आला आणि त्याने काठी जमिनीवर आपटत सगळ्यांना पांगवलं. हा रुपराव उमरेडकडचा, कुणब्याच्याच घरचा. पांगवताना म्हणत होता, "घरी जा मायबाई, घरी जा. मह्या नोकरीवर पाय नका देऊ." बायका परतल्या आणि शामला सरळ रुख्मिणीच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

"तू त्याच्या घरी निवडायले जाते. आत जवारी हाये का?"

प्रेमिला ओट्यावर चिंचोके मांडून खेळत होती. रुख्मिणीने तिच्या डोक्याकडे पाहिलं.

"मी डाळ निवडते," ती म्हणाली.

शामलाने पदर खोचला. मग गेली. त्यानंतर विहिरीवर रुख्मिणी आली की बायका बाजूला होऊन तिला आधी पाणी भरू द्यायच्या. भांडण नाही, टोमणा नाही. नुसती वाट करून द्यायच्या, परक्या बाईला देतात तशी. रुख्मिणीला वाटे, यापेक्षा एखादीने घागर डोक्यात घातली असती तर बरं.

असा पोळा आला. बैल असलेली घरं गल्लीत दोनचारच, पण पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या सगळ्यांच्याच लागत. त्यांना मेढे म्हणतात. पोळ्याच्या दिवशी मेढा दाराशी ठेवायचा. घरातलं जे काही वाईट असेल, ताप, खोकला, भांडण, कर्ज, दृष्ट, ते सगळं रातोरात त्या पानांत जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी उजाडता तो उचलायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत शिवेबाहेर न्यायचा आणि टाकून मागे न बघता यायचं. शहरातली मोठी मारबत, म्हणजे पिडा नेणाऱ्या बाईचा पुतळा, मिरवणुकीने निघते ती वेगळी. त्या साली ती निघू देतात की नाही यावर रोज नवी बातमी उठत होती. पण घरच्या मेढ्याला मिरवणूक लागत नाही. त्याला नियम दोनच. एकदा उंबऱ्याबाहेर काढलेला मेढा परत घरात आणायचा नाही, कारण बाहेर काढलेली पिडा दुप्पट होऊन येते. आणि दुसऱ्याचा मेढा उचलायचा नाही, ओलांडायचा नाही. जो उचलेल त्याच्या घरी ती जाते.

पुरण त्या वर्षी कोणाकडे नव्हतं. पळस मात्र फुकट होता, म्हणून मेढे चांगले दांडगे आणले होते सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं तशा बायका मेढे घेऊन निघाल्या. रुख्मिणीने एका हातात मेढा आणि दुसऱ्या हाताने सासूचं मनगट धरलं होतं. सुभद्राबाईने आपला वेगळा मेढा घेतला होता. "मही पिडा मी नेतो. तुही तू ने," असं ती दरवर्षी म्हणायची. पुढून मागून आवाज येत होते.

"ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत."

"खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत."

"महागाई घेऊन जा गे मारबत," कोणीतरी म्हणालं.

"तिले एका मेढ्यात कसं बसवते वं? बैलबंडी लागन," दुसरी म्हणाली, आणि थोडं हसू झालं.

शीव म्हणजे नाल्यापलीकडचं मैदान. पण नाल्याच्या पुलावर रुपराव आणि चार शिपाई आडवे उभे होते. रात्री कोणीतरी मैदानातल्या तारा तोडल्या होत्या. पुलापलीकडे माणूस सोडायचा नाही, असा वरून हुकूम.

"हवालदारसाहेब, मेढा टाकून येतो फक्त," शामला म्हणाली.

"मले नाही समजत का मेढा? मह्या घरीबी बायकोनं आता काढला असन." रुपरावने टोपी सारखी केली. "पण हुकूम हाये. आज नाही."

"आज नाही तं काय दिवाळीले टाकू?"

"वापस जा बाई."

"वापस कसं जावं जी? हातात काय हाये, दिसून नाही राहिलं का?"

ते रुपरावलाही दिसत होतं. पण त्याने मान दुसरीकडे फिरवली.

बायका मागे वळल्या आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन थबकल्या. पुढे जाता येईना. घरी मेढा घेऊन शिरता येईना. रस्त्यात टाकावा तर रस्ता कोणाचा? शेजारणीच्या दारासमोरून जातो. अशा सगळ्या हातात हिरव्या फांद्या धरून उभ्या राहिल्या, जणू लग्नाला आल्या आणि मांडव सापडेना. उजाडत होतं. बापूजीचं दुकान अजून बंद होतं.

सुभद्राबाईचे पाय भरून आले. "मले बसू दे वं," म्हणत तिने चाचपत जवळची पायरी शोधली आणि बसली. बसताना हातातला मेढा खाली ठेवला. ती बापूजीच्या दुकानाची पायरी होती.

ते तिला दिसलं नाही म्हणून झालं की दिसल्यामुळे झालं, हे रुख्मिणीला पुढे कधीच कळलं नाही. विचारलं तर सासू म्हणायची, आंधळ्याले काय विचारते.

मग सुभद्राबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, मेढा तिथेच राहू दिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "घेऊन जा गे मारबत." आणि मागे न बघता चार पावलं बाजूला झाली.

शामला पुढे आली. आपला मेढा तिने त्याच्या शेजारी ठेवला. जपून ठेवला, देवाला वाहावा तसा. मग एक एक करून सगळ्या. कोणी ओरडलं नाही, घोषणा नाही. जिने ठेवला ती बाजूला होऊन आपल्या ओट्यावर जाऊन बसे, म्हणजे एका जागी चारपेक्षा जास्त कोणी दिसत नव्हतं. पायऱ्या झाकल्या. उंबरा झाकला. बंद फळ्यांना टेकून पळसाचा हिरवा ढीग उभा राहिला, गल्लीची सगळी इडापिडा एका दारात.

सगळ्यांचे हात मोकळे झाले. रुख्मिणीच्या हातात मेढा तसाच होता.

बापूजीने आतून फळी काढली. ढीग पाहिला आणि फळी हातातच राहिली. पाऊल पुढे टाकलं नाही.

"कोणी केलं हे?"

"पूल बंद हाये जी," शामला ओट्यावरून म्हणाली. "शिवेपर्यंत जाऊ नाही देत. मग गल्लीची शीव हेच नाही का? तुमचं दुकान."

"उचला."

"ज्याचा त्यानं उचलावा, अशी रीत हाये. उचलतो आम्ही. पण नेऊन टाकाव कुठी?"

बापूजीने रुपरावला हाक मारली. रुपराव एका शिपायाला घेऊन आला, ढिगापासून हातभर लांब उभा राहिला, काठी काखेत घेतली.

"हवालदार, हे काढून टाका."

"मी? मले लेकरं हायेत बापूजी."

"मग शिपायाले सांगा."

शिपाई वर्धेकडचा होता. तो बुटाच्या लेसीच बांधायला बसला.

"इथं काही जमाव नाही," रुपराव गंभीरपणे म्हणाला. "दंगा नाही, दगड नाही. झाडाचा पाला हाये. पाल्यावर कलम कोणतं लावू?"

ओट्याओट्यावर पदर तोंडाला गेले.

बापूजीची नजर फिरत फिरत रुख्मिणीवर आली. तिच्या हातातल्या मेढ्यावर. त्याने समाधानाने किंचित मान हलवल्यासारखं वाटलं. बाकीच्यांचीही नजर तिच्यावरच होती. शामला तिच्याकडे बघत नव्हती, विहिरीकडे बघत होती; ते जास्त लागलं.

रुख्मिणीला सगळं लख्ख समजत होतं. मेढा या ढिगावर टाकला तर संध्याकाळचं सूप गेलं. प्रेमिलाने काय खायचं? न टाकावा तर ही गल्ली गेली, आणि कवडू सुटून आला तरी ती परत यायची नाही. शिवाय दुकानाच्या पायरीवर आणखी एक फांदी पडून होणार काय? बापूजी म्हणेल, झडती घ्या. दुकानात खरंच काही नव्हतं. हे बायकांना माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. आणि तिचं तोंड पोरीच्या डोक्याने बांधलेलं.

तोंड. ती त्या शब्दापाशी थांबली. माझ्या तोंडून शब्द निघणार नाही, एवढंच तर म्हटलं होतं. पायांचं काही बोलणं झालं नव्हतं.

एकच गोष्ट तिला मागे ओढत होती. बापूजीची लेक सुमती पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. रुख्मिणी पाखडत असली की ती दारात येऊन बसायची, म्हणायची, "वहिनी, पोरगी झाली तं बाबा नाराज होतील का हो?" मागल्या दारी मेढा ठेवला म्हणजे त्या पोरीची दोन्ही दारं बांधली. मग रुख्मिणीला गल्लीतली पोरं आठवली, दुकानासमोर सांडलेले डाळीचे दाणे मुंगळ्यांसारखी वेचणारी. त्यातलं एक शामलाचं धाकटं.

ती चालू लागली. ढिगाजवळून गेली, थांबली नाही. बायकांना वाटलं, ही नियम मोडून मेढा घरी नेते आहे. पण ती घरावरून पुढे गेली, बोळात वळली आणि घाणीच्या खोलीपाशी थांबली. पोत्याचा पडदा बाजूला सारला. जाळी तुटली नाहीत. ती केव्हाचीच एका कडेला गुंडाळून ठेवलेली होती, रोज ये-जा होते त्या दाराची असतात तशी. तिने मेढा उंबऱ्यावर आडवा ठेवला.

"घेऊन जा गे मारबत," ती म्हणाली. काय घेऊन जा, ते नाही सांगितलं.

मागे वळली तेव्हा बोळाच्या तोंडाशी शामला उभी होती. शामलाने मेढ्याकडे पाहिलं, मग दाराच्या चिरेखाली पाहिलं. तिथे पाखडल्याचा कोंडा होता आणि त्यात पांढरे दाणे.

"मोडक्या घाणीले पिडा कायची असते वं?" शामला हळू म्हणाली. आणि मग मोठ्याने, मागे बघून: "बायांनो, इकडे या. दोन दोन या. हवालदारसाहेबाच्या नोकरीवर पाय नका देऊ."

बायका दोन दोन आल्या आणि बोळात भिंतीच्या कडेने बसल्या. दाराला कोणी हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. बापूजी घरातून मागच्या दाराशी आला आणि त्यालाही उंबऱ्यावरची फांदी दिसली. त्याच्या मागून त्याची बायको कौशल्या आली. ती बोलायला कमी. पण सगळी गल्ली तिला मानायची.

"ही फांदी कोनाची?" तिने विचारलं.

"मही जी," रुख्मिणी म्हणाली.

कौशल्याने तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळली. "समोरबी मेढे, मांगंबी मेढे. मही लेक घरात अडकून बसली. दाई कोणत्या दारानं आणू?"

"यांना सांग ना उचलायले."

"त्यांनी काहून उचलाव? त्यांच्या घरात या पिडेशिवाय दुसरं काही राहिलं का?" तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"कौशल्या, भाव आणखी..."

"भाव बाळंतपण करते का?"

बापूजीने कमरेची किल्ली काढून दिली. देताना तो अचानक म्हातारा दिसला. रुख्मिणीला त्याची कीव आली. त्याने तिच्या पडत्या काळात सूप भरलं होतं, ते खोटं नव्हतं.

रुख्मिणीने मेढा उचलून हातात घेतला, दार उघडलं आणि थप्प्या दिसल्या. एवढी जवारी पुष्कळ दिवसांत कोणी पाहिली नव्हती. एका म्हातारीने नुसते हात जोडले, बापूजीला नाही, जवारीला.

"अखाडीचा भाव," शामला म्हणाली. अखाडीला, म्हणजे आषाढात, गडबड सुरू व्हायच्या आधी, गल्लीने शेवटची जवारी घेतली होती.

"अखाडीचा," कौशल्या म्हणाली.

आता बायका पदर पुढे करतील असं वाटलं होतं, पण शामला उठली आणि समोरच्या अंगाला गेली. "पहिले मेढे उचला वं सगळ्या. घरात पोटुशी पोर हाये." ज्याचा त्याने आपला मेढा ओळखून घेतला, पळसाच्या फांद्या सारख्याच, पण कोणाची चूक झाली नाही. रुपरावने पुलावर दोन दोन करून सोडलं. "तारांकडे कोनी पाहू नका," एवढंच म्हणाला. सुभद्राबाईचा हात धरून त्याने स्वतः तिला पलीकडे नेऊन आणलं.

परतून आल्यावर मग रांग लागली, अशी पांगून, की रांग वाटू नये. बापूजी स्वतः मापायला बसला. रुख्मिणी सगळ्यांच्या शेवटी उभी होती. तिची पाळी आली तेव्हा त्याने माप खाली ठेवलं.

"लेकीची शप्पथ मोडली तू."

"नाही जी. तोंडातून शब्द नाही निघाला."

बापूजीला ते मान्य करावं लागलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"उद्यापासून येऊ नको."

"नाही येत."

त्याने माप भरलं, वरून तळवा फिरवून सपाट केलं आणि तिच्या पदरात ओतलं. ना एक मूठ जास्त, ना कमी. इतरांना दिलं तेवढंच. रुख्मिणीला त्या दिवशी सगळ्यात बरं काय वाटलं असेल तर ते.

दाराशी सुमती उभी होती, हात पोटावर. रुख्मिणी तिच्यापाशी थांबली. "मी टाकून आली वं मेढा. दूर टाकला. काही राहिलं नाही इथं." सुमतीने मान हलवली. तिसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली आणि बापूजीने गल्लीत गूळ वाटला. तो गूळ द्यायला रुख्मिणीच्या घरीही माणूस आला. दुकानाचं काम मात्र तिला पुन्हा कधी मिळालं नाही. कवडू सुटेपर्यंत तिने लोकांच्या गोधड्या शिवल्या. काही दिवस अर्ध्या पोटी गेले, पण ते सगळ्यांचेच तसे होते.

मेढे टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रुख्मिणीने जात्यावरचं फडकं काढलं, खुंटा ठोकून बसवला आणि पहिली मूठ टाकली. जातं बरेच दिवस थांबलेलं, जड गेलं. दोन फेरे झाले असतील नसतील, तोच दार ढकलल्याचा आवाज झाला. शामला आत आली, आपली टोपली बाजूला ठेवली, समोर मांडी घालून बसली आणि खुंट्याला हात लावला. जातं हलकं झालं.

"काल कवडूभाऊचा तो चुलत भाऊ आला होता का वं?" शामलाने विचारलं.

"आला होता."

"कुठी राहते तो?"

"घाणीच्या खोलीत," रुख्मिणी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. शामलाही हसायला लागली. पीठ दोघींच्या पदरावर उडालं.

आतून सुभद्राबाईने विचारलं, "भाकर करून राहिली ना आज?"

"हो, माय."

"मग हसा," ती म्हणाली.

भिंतीपलीकडे दुसरं जातं सुरू झालं होतं. मग त्याच्या पलीकडचं. उजाडेपर्यंत गल्लीत कोणाचं कोणतं, ते ओळखू येईना.